प्रबोधरावांची गहूबंदी

पडदा सर्रकन उघडतो. फिका हिरवा, वरच्या कड्यांवरून सरकणारा. आत एक पलंग, पलंगावर पाठीशी नाड्या बांधलेला झगा ल्यालेले प्रबोध देवस्थळी, आणि उशाशी मांडीवरची पर्स घट्ट धरून बसलेल्या त्यांच्या पत्नी शुभदाताई. सिंगापूरच्या एका इस्पितळातली सकाळ. दुर्बिणीच्या तपासणीसाठी पोट रिकामं ठेवायचं होतं. नायकाच्या चेहऱ्यावर उपासाचं तेज असायला हवं, पण तिथे होती नुसती भूक.

प्रबोधराव रॅफल्स प्लेसच्या एका बँकेत संगणक विभागाचे मॅनेजर. राहायला बिशानच्या फ्लॅटमध्ये, अगदी डोक्यावर काळे केस होते तेव्हापासून. मोठा दिलदार माणूस. विद्यापीठात कुणी नवा मराठी विद्यार्थी आला, की त्याचं पहिलं रविवारचं जेवण देवस्थळींकडे ठरलेलं. आणि जेवण म्हणजे पोळी! भात हा त्यांच्या लेखी नुसता मध्यंतर.

यकृताकडे रक्त नेणाऱ्या त्यांच्या शिरेत दाब वाढलेला. पोर्टल हायपरटेन्शन म्हणतात त्याला. अन्ननलिकेतल्या शिरा फुगल्यात का, ते बघायला दरवर्षी घशातून दुर्बीण घालत. ऑफिसात त्यांनी आजाराचं नाव सांगितलं, तर हाताखालचा एकजण घाबरून म्हणाला, "कुठलं पोर्टल? सकाळी तर चालू होतं!"

यंदा रक्त कमी भरलं, म्हणून डॉक्टरांनी सीलिअ‍ॅकची अँटिबॉडीही तपासायला सांगितली. रिपोर्ट फोनवर आला. आकडा मर्यादेच्या जरासा वर. या आजारात गहू आतड्याची नासाडी करतो, एवढं शुभदाताईंनी इंटरनेटवर वाचलं आणि डॉक्टरांच्या भेटीची वाट न बघता कंबर कसली. संध्याकाळपर्यंत कणकेचा डबा शेजारच्या सुनेत्राकडे रवाना. पाठोपाठ रवा गेला, भाजणी गेली, हिंगात मैदा असतो हे कळल्यावर हिंगाची डबीसुद्धा गेली.

"अहो, आजपासून भाकरी. कायमची!"

प्रबोधराव एका शब्दानं कुरकुरले नाहीत. त्यांचं ते गुणी वागणं बघून शुभदाताईंचा ऊर भरून यायचा.

आता पडद्यातून डॉक्टर लिम आत आल्या. "यकृताच्या रुग्णांत ही अँटिबॉडी कधी कधी उगाचच थोडी वाढलेली दिसते," त्या इंग्रजीत म्हणाल्या. "तेवढ्यावरून सीलिअ‍ॅक म्हणता येत नाही. आज दुर्बीण घालतेच आहे, तर लहान आतड्याचे बारीक तुकडे तपासायला घेते. गहू नेहमीसारखा खाताय ना?"

"छे! दीड महिन्यात कणसुद्धा नाही," शुभदाताई अभिमानानं म्हणाल्या.

डॉक्टर थबकल्या. "मग आज तुकडे घेऊन उपयोग नाही. गहू बंद केला की आतडं सुधारतं. आजार असला तरी दिसणार नाही. आधी काही आठवडे गहू खा, मग नवी तारीख देते."

शुभदाताईंचा चेहरा उतरला. प्रबोधरावांनी डोळे मिटले. गप्प राहावं तर पोळीचा निकाल लांबणार. बोलावं तर घरी महाभारत. शेवटी पोळी जिंकली.

"डॉक्टर, मी रोज प्राता खातो." प्राता म्हणजे सिंगापूरचा मैद्याचा पराठा.

"कधी?" हे डॉक्टरांनी नाही, शुभदाताईंनी विचारलं.

"दुपारी. ऑफिसजवळच्या हॉकर सेंटरमधल्या टपरीवर. दोन."

"दोन?"

"शनिवारी तीन. भाजी आणायला जातो ना, तेव्हा."

"आणि घरी येऊन माझ्या भाकरीचं कौतुक! 'शुभदा, काय मऊ झालीये!' मोठे नट आहात अगदी!"

"ते मात्र खरं होतं गं. इतकी मऊ भाकरी आमच्या आईलाही जमली नाही."

 शुभदाताईंनी पर्सची चेन उघडली, लावली, पुन्हा उघडली.

"मऊ होणारच," त्या हळूच म्हणाल्या. "लिटल इंडियातून आणलेलं ज्वारीचं पीठ जुनं निघालं. विरी गेलेली. थापली की चिरा पडायच्या. म्हणून थोडी कणीक घालत होते."

"थोडी?"

"निम्मी."

"अगं, डबा तर सुनेत्राला दिलास ना?"

"तिच्याकडूनच वाटीवाटीनं परत आणत होते. म्हटलं, एवढ्याशानं काय होतंय!"

मराठीतला हा प्रवेश डॉक्टर लिम आळीपाळीनं दोघांकडे बघत ऐकत होत्या. मग शुभदाताईंनी मान खाली घालून त्यांना इंग्रजीत कबुली दिली, "फिफ्टी परसेंट व्हीट, डॉक्टर. लंच बॉक्स, डिनर, बोथ."

डॉक्टर इतक्या हसल्या, की मास्क नाकावरून घसरला. "शिवाय दुपारचे प्राता! याहून चांगली तयारी कुणी करून येत नाही. चला, आजच करू."

आठवड्याभरानं निकाल लागला. आतडं ठणठणीत, सीलिअ‍ॅक नाही. अँटिबॉडी वाढली होती ती बहुधा यकृताच्या दुखण्यानं. शिरेतला दाब आहे तसाच आहे, तेव्हा वर्षानं दुर्बिणीला या, पण गहू खुशाल खा.

त्या संध्याकाळी बिशानच्या त्या फ्लॅटमध्ये कणकेचा डबा वाजतगाजत परतला. तूप सोडलेली पहिली पोळी पानात पडली. शुभदाताई लाटणं हातात घेऊन समोर उभ्या. प्रबोधरावांनी घास घेतला, डोळे मिटून सावकाश चावला, आणि म्हणाले,

"झकास! आता यात ज्वारी घालू नकोस म्हणजे झालं."