आत्याचा युनिफॉर्म

दुबईच्या मीना बाजारातल्या कापडाच्या दुकानात प्रमोदिनी सबनीस काउंटरला असल्या की ब्लाउजपीस घ्यायला आलेली बाई साडी घेऊन जायची. मराठी, हिंदी, मोडकंतोडकं अरबी, त्यांचं तोंड सगळ्यांत अखंड चालायचं. लग्न केलं नाही, त्याची खंतही नाही. "बोलायला माणसं भरपूर मिळाली की मला," म्हणायच्या.

अल कुसैसच्या घरी मात्र त्यांचा आवाज खाली यायचा. तिथे धाकटा भाऊ सिद्धार्थ, भावजय सुजाता आणि नऊ वर्षांची भाची मिहिका. मिहिका ऑटिस्टिक आहे. एका दमात चार वाक्यं अंगावर आली की ती कान झाकून घेते. सुरुवातीला प्रमोदिनीताईंना वाटायचं, पोरीला मी आवडत नाही. मग हळूहळू कळलं, तिला आत्या हवी असते, आत्याच्या तोंडाचा पट्टा नको असतो. तेव्हापासून मिहिकापाशी एका वेळी एकच वाक्य, आणि मग गप्प बसून वाट पाहायची. त्यांना ते फार जड गेलं, पण जमवलं.

गेल्या हिवाळ्यात शाळेत फायर ड्रिलचा भोंगा अचानक वाजला आणि मिहिका वर्गातून पळाली. जिन्याखाली भिंतीत तोंड खुपसून बसली, ती आई आल्यावरच उठली. त्यानंतर शाळेचं गेट दिसलं तरी गाडीतून उतरेना. पुढचे महिने घरीच, थेरपिस्टबरोबर गेले. जुलै-ऑगस्टच्या उन्हाळी सुट्टीनंतर पुन्हा जाऊन बघायचं ठरलं. ऑगस्टमध्ये अर्धी दुबई गावी गेलेली, दुकानात गिऱ्हाईक कमी. ताईंनी रजा घेतली आणि गावी न जाता मिहिकाजवळ राहिल्या.

तयारी युनिफॉर्मपाशीच अडली. नवा, चौकटीचा, कडक कॉलरचा. मिहिकाने तो उचलून सोफ्यामागे टाकला. "स्क्रॅची. नो."

ताईंनी लेबलं उसवली, धुऊन धुऊन कापड मऊ केलं, तिच्या उशीशेजारी ठेवून पाहिलं. काही उपयोग नाही. एका दुपारी मिहिकानेच तो आणून त्यांच्या मांडीवर ठेवला.

"आत्या वेअर."

"मला होईल का गं हा?"

"आत्या वेअर," तिने तितक्याच शांतपणे पुन्हा सांगितलं.

दुसऱ्या दिवशी ताईंनी दुकानाजवळचे टेलरमास्तर गाठले. मास्तर लखनौचे, गंभीर चेहऱ्याचे. मापं घेताना म्हणाले, "किस क्लास में एडमिशन लिया, दीदी?"

"चौथी में. इसी हफ्ते चाहिए. यल्ला, जल्दी, मास्टरजी!"

मग हॉलमध्ये पन्नाशी उलटलेली बाई सलवारीवर शाळेचा फ्रॉक घालून उभी राहिली. मिहिकाने तिच्याभोवती एक फेरी मारली, कॉलर चाचपून पाहिली आणि आत जाऊन आपला युनिफॉर्म घालून आली. पहिल्या दिवशी एक कार्टून संपेपर्यंत. मग जेवण होईपर्यंत. नंतर दोघी तशाच खाली ग्रोसरीत लबान, म्हणजे ताक, आणायला गेल्या, तेव्हा लिफ्टमधली माणसं वर आकडे बघत राहिली.

सिद्धार्थ घरी आला तो दारातच थबकला. "ताई, शोभतंय का हे तुला?"

"शोभतंय," आतून सुजाता म्हणाली. ती हसत होती की रडत होती, कळलं नाही.

शाळा उघडण्याआधी वर्गशिक्षिका शहनाझ मॅडमनी रिकामी शाळा बघायला बोलावलं. त्या दिवशी ताई साध्या कपड्यांत होत्या. पार्किंगमध्ये मिहिका सीटला चिकटली. "युनिफॉर्म." ताईंना याची भीती होतीच, म्हणून आपला फ्रॉक पिशवीत घेतला होता. उन्हात गाडीआड उभं राहून त्यांनी तो कुर्त्यावर चढवला. कानशिलं तापली होती, ती नुसत्या उन्हाने नव्हे. गेटवरचा सिक्युरिटीवाला उठून उभा राहिला.

"न्यू एडमिशन," ताई म्हणाल्या आणि मिहिकाचा हात धरून आत शिरल्या.

शहनाझ मॅडमनी जिना दाखवला, खिडकीजवळची जागा दाखवली आणि शेवटी भिंतीवरची भोंग्याची लाल पेटी. "ड्रिल के दिन मैं पहले बताऊँगी. हेडफोन यहाँ रहेंगे."

मिहिका पेटीकडे बघत राहिली. "लाउड."

"हो. फार लाउड," आत्या म्हणाली. 'पण घाबरायचं नाही हं' जिभेवर आलं होतं, ते तिने गिळलं. मग मिहिका जाऊन खिडकीजवळच्या खुर्चीवर बसली.

शाळेच्या पहिल्या सकाळी ताई फ्रॉक घालून तयार होत्या. मिहिकाने त्यांना निरखलं. "नो. आत्या शॉप," ती म्हणाली आणि बापासारखे दोन्ही हात झटकले, "खलास." सुजाता तिला घेऊन निघाली. ताई दार लावून फ्रॉक बदलायला आत गेल्या.

असेंब्लीच्या गोंगाटात मिहिकाला बसवेना, म्हणून त्या दिवशी ती बराच वेळ लायब्ररीत होती. पहिला महिना अर्धाच दिवस शाळा. ऑक्टोबरात ड्रिल झालं, तेव्हा हेडफोन लावून, मॅडमच्या ओढणीचं टोक मुठीत धरून ती जिना उतरली. संध्याकाळी न विचारता आत्याला म्हणाली, "लाउड. आय वॉक्ड." आत्याने फक्त "ऐकलं मी" म्हटलं आणि बाल्कनीत जाऊन मैत्रिणींना एकामागून एक फोन लावले.

अजूनही एखाद्या सकाळी मिहिका बूट घालत नाही. त्या दिवशी घरात कुणी आरडाओरडा करत नाही. सुजाता शाळेला कळवते, आणि पोरगी दिवसभर खिडकीतून विमानतळाकडे उतरणारी विमानं बघत बसते.