अंगणातल्या मोटारीचं इंजिन

सत्तरच्या दशकात लग्न होऊन मी भिवंडीत आले, तेव्हा सासरच्या अंगणात एक जुनी विलायती मोटार उभी होती आणि तिचं सुटं केलेलं इंजिन पडवीत गोणपाटावर मांडलेलं होतं. माझे यजमान लूमच्या, म्हणजे यंत्रमागांच्या, कारखान्यात फिटर. शुक्रवारी लूम बंद असत, तेव्हा ते इंजिन जुळवायला बसत. मी रॉकेलमध्ये एकेक भाग धुऊन देई आणि हा कशाला, तो कशाला, असं विचारत राही. तेही न कंटाळता सांगत.

दिवाळीनंतर इंजिन जुळलं आणि गाडीत बसलं, पण हँडल मारलं की नुसतं फटफट करून बंद पडे. शेवटी ते वैतागून ओट्यावर बसले.

"चारही सिलिंडर एकदम पेटतात का हो?" मी विचारलं.

"नाही गं. पहिला, तिसरा, चौथा, मग दुसरा."

"मग सिलिंडरांना ठिणगी वाटणाऱ्या या टोपीवरच्या वायरी एक, दोन, तीन, चार अशा का लावल्यात?"

ते वाकून बघत राहिले. मग हसले आणि वायरी बदलल्या. पुढच्याच हँडलला इंजिन धडधडू लागलं, शेजारच्या कोंबड्या कुंपणापलीकडे पळाल्या. थोड्या वेळानं त्यांनी ते बंद केलं.

"पुन्हा चालू करा ना," मी म्हटलं. "आत काय काय हलतंय, ते नीट ऐकू द्या."