थोरल्या बाईंच्या पायाशी

दुपारची घंटा वाजून गेली आहे आणि बस्त्याव पाथरवट चर्चच्या बाकावर जरा आडवा झाला आहे. झोप लागली की नाही, त्याचं त्यालाच कळत नाही. लेक फिलू गेल्यापासून आठ महिने सगळंच असं अर्धवट चाललं आहे. जेवतो, पण काय जेवला विचाराल तर सांगता यायचं नाही. एकदा रडला असता तर बरं, असं गावातल्या बायका म्हणतात.

समोरच्या भिंतीवर सिल्वेरा जमीनदारांच्या चार पिढ्या संगमरवरात उभ्या आहेत. कुणी तलवार धरून, कुणी नुसत्याच मिशा राखून. पाचवी मूर्ती थोरल्या बाईंची, बस्त्यावने घडवलेली. उद्या, मृतांच्या दिवशी, तिच्यावरचा पडदा निघायचा आहे. बाई खुर्चीत बसल्यात आणि त्यांच्या पायाशी एक मुलगी गुडघे टेकून शोक करते आहे. त्या मुलीला त्याने गुपचूप आपल्या फिलूचा चेहरा दिला आहे. इथे गरिबांची कबर पाच वर्षांनी उकरतात आणि जागा दुसऱ्याला देतात. तिचा फोटोही काढायचा राहून गेला. निदान भिंतीवर तरी पोर राहील, एवढंच त्याच्या मनात.

डोळे मिटतात तशी फरशी हलते, हिरवी होते. घरामागचं बावखल, ते छोटं तळं. पाण्याच्या पायरीवर फिलू बसली आहे, नारळाच्या सोडणाच्या काथ्याने गुडघे घासते आहे.

"काय गं, पडलीस?"

"नाही पप्पा. टेकून टेकून दुखतात."

त्याला काहीच वाटत नाही. तो नुसता बघतो. गुडघे पांढरे पडलेत, पीठ लागल्यासारखे.

"चेहरा जमलाय ना?" तो विचारतो. कारागीर कसला बेरड, मेलेल्या लेकीलाही आधी हेच विचारणार.

"नाक छान आलंय. पण पप्पा, आई थोरल्या बाईंकडे फरशी पुसायची, तेव्हा तू काय म्हणायचास?"

त्याला आठवतं. माझी फिलू कुणाच्या पायाशी बसणार नाही, असं तो म्हणायचा. चारचौघांत, छाती काढून.

पाण्यापलीकडे खुर्ची सरकते. थोरल्या बाई ओल्या, दगडी आणि कंटाळलेल्या आहेत.

"पोरी, कुठे हुंदडतेस? ये, जागेवर बस."

फिलू उठून झगा झटकते.

"थांब की गं जरा."

"उद्या पडदा निघाला की मला कायमचंच बसायचंय." बाजाराला निघाल्यासारखं ती साधंच सांगते.

"आणि मी मूर्तीचं तोंड तासून टाकलं तर? मग तू कुठे राहशील?"

"ते माहीत नाही. पण गुडघे सुटतील ना?"

बाकाची कड पाठीला रुतते आणि बस्त्याव जागा होतो. चर्च रिकामं आहे. तो मूर्तीकडे जातो. सकाळच्या घासकामाची भुकटी खाली जाड पसरली आहे, आणि तिच्यात शेजारी शेजारी दोन गोल खळगे उमटले आहेत. त्याची मूठही मावणार नाही एवढे लहान.

तो पडदा बाजूला करतो. छिन्नी त्या छान आलेल्या नाकावर टेकवतो. आठ महिन्यांत पहिल्यांदाच समोरचं सगळं डोळ्यांतल्या पाण्याने धूसर होतं.

"ऊठ, बाळा," तो म्हणतो आणि हातोडी उचलतो.