मागच्या सीटवरची जांभळी ओढणी

सुरुवातीलाच सांगतो, या सदरातले अनुभव मी आजवर टाइमपास म्हणून वाचत आलो आणि बहुतेक वेळा हसलो. पिंपळाखालची बाई, पांढरी साडी, उलटे पाय... मी सातपूरच्या एका कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्टर आहे. हातात मोजमापाचा व्हर्निअर घेऊन तेवीस वर्षं गेली. जे मोजता येत नाही ते मी पास करत नाही, आणि या स्वभावाचा घरात लोकांना किती जाच होतो हे माझ्या बायकोला विचारायला हवं होतं. तेच आता शक्य नाही, म्हणून हे लिहितोय.

तिचं नाव सुजाता. माहेर कळवणचं, नोकरी सिडकोतल्या एका शाळेत मराठी शिकवण्याची. आम्हाला मूलबाळ नाही. चार वर्षांपूर्वी, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, मी साडेतीनशे सीसीची मोटरसायकल घेतली तेव्हा ती पेढे वाटताना शेजारच्या वहिनींना म्हणाली होती, "सवत आणलीय यांनी. चांगली एकशे नव्वद किलोची."

ज्यांच्याकडे अशी गाडी आहे त्यांना माहीत असेल, शहरात हा प्रकार म्हणजे हौसेने घेतलेलं दुखणं आहे. द्वारकेच्या चौकात पहिला गिअर, क्लच, पहिला गिअर, क्लच... डावा पंजा बधिर होतो. एप्रिलमध्ये इंजिनाची धग थेट मांडीला. पार्किंगमधून मागे ओढायची म्हणजे आधी कंबरेची परवानगी घ्यायची. पण तीच गाडी दिंडोरी ओलांडून मोकळ्या रस्त्याला लागली आणि ऐंशीवर स्थिरावली की सगळं माफ. दोन्ही बाजूंना द्राक्षबागा, आणि इंजिनाचा तो एकसुरी आवाज. सुजाता मागून खांद्यावर हनुवटी टेकवून काहीतरी बोलायची. हेल्मेटमुळे मला निम्मं ऐकूच यायचं नाही. मी नुसतं "हो हो" म्हणायचो.

आता मुद्द्याची गोष्ट. अशा गाड्यांना मागच्या चाकाच्या डाव्या बाजूला एक जाळी येते — साडी गार्ड. साडी, ओढणी चाकात जाऊ नये म्हणून. रविवारी गाड्या घेऊन फिरायला जाणाऱ्या आमच्या ग्रुपमध्ये गाडी घेतली की पहिल्या महिन्यात तो गार्ड काढून टाकायची पद्धत आहे. गाडी 'क्लीन' दिसते म्हणे. मीही काढला. दोन बोल्ट, दहा मिनिटांचं काम. वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर टाकला. सुजाता म्हणाली होती, "अहो, ती जाळी कशाला काढली? मी मागे बसते ना?" मी म्हणालो, "ओढणी नीट बांधत जा. जगातल्या बायका बसत नाहीत का?"

तेव्हापासून आमच्या नशिबी ती हाक आली. तुम्ही दुचाकीवर फिरत असाल तर ती तुमच्याही ओळखीची असेल. मागे बाई असली, ओढणी जरा लोंबली, की शेजारून जाणारा अनोळखी माणूस ओरडून सांगतो, "दादा, ओढणी!" न ओळखणारी माणसं गर्दीतून वाट काढत, स्वतःची गाडी आपल्या गाडीशेजारी आणून सांगतात. मला खरं तर याचं कौतुक वाटायला हवं होतं. मला कमीपणा वाटायचा. गार्ड मी काढला होता ना.

मागच्या वर्षीच्या मार्चमधली दुपार. मुंबई नाक्याचा सिग्नल सुटला, मी गाडी उचलली आणि मागून सुजाता किंचाळली. ओढणी चाकात गेली होती. जांभळ्या रंगाची, तिच्या आईने कळवणच्या बाजारातून आणलेली. वेग दहा-पंधराचाच होता म्हणून निभावलं. मानेवर एक लाल ओरखडा उठला, ओढणीचं टोक फाटलं, चेनच्या ग्रीसने काळं झालं. बस, एवढंच.

आणि मी... मी गाडी बाजूला घेतली, हेल्मेट काढलं आणि भर रस्त्यात तिच्यावर ओरडलो. "अक्कल आहे का तुला? हजारदा सांगितलं गाठ मारून बसत जा! उद्यापासून रिक्षाने जा, माझ्या मागे बसू नकोस!" रिक्षावाले बघत होते. तिच्या शाळेतल्या दोन मुली पलीकडच्या बसथांब्यावर उभ्या होत्या. सुजाता खाली बसून चाकातली ओढणी सोडवत होती. शांतपणे, एकेक वेढा. सोडवून झाल्यावर एवढंच म्हणाली, "बरं."

आणि खरंच पुन्हा बसली नाही. राग धरला असंही नाही, घरात सगळं नीट. डबा, चहा, तिच्या शाळेतल्या गमती. फक्त सकाळी मी "सोडतो, चल" म्हणालो की, "नको, रिक्षा येईलच." मी मनात म्हणायचो, जाईल राग. एखाद्या रविवारी तिला कळवणला घेऊन जाऊ, मग होईल सगळं ठीक. तीन महिने मी हेच म्हणत राहिलो. सॉरी हा एवढासा शब्द, पण तो माझ्या तोंडून कधी निघाला नाही.

जूनमध्ये, शाळा सुरू झाली त्या आठवड्यात, स्टाफरूममध्ये डोकं दुखतंय म्हणून तिने टेबलावर डोकं टेकलं. मेंदूत रक्तस्राव. मी पोहोचेपर्यंत सगळं संपलं होतं. त्या सकाळचं आमचं शेवटचं बोलणं तेच होतं — "सोडतो." "नको, रिक्षा येईलच."

पुढचे दोन महिने काय केलं ते मला सांगता येणार नाही. कामावर जात होतो, इतकं आठवतं.

पहिली वेळ ऑगस्टमधली. संध्याकाळी सहाला कामावरून घरी येत होतो, एकटा. मुंबई नाक्याला सामान पोहोचवणारा एक पोरगा स्कूटर शेजारी आणून म्हणाला, "काका, काकूंची ओढणी बघा, चाकात जाईल." मी सवयीने म्हणालो, "हो हो, थँक्यू." दोनशे फूट पुढे गेल्यावर माझ्या लक्षात आलं. गाडी थांबवून मागे पाहिलं. रिकामी सीट. बॅग नाही, दोरी नाही, रेनकोट नाही. लोंबणारं काही म्हणजे काहीच नव्हतं. गफलत झाली असेल त्याची, म्हणून सोडून दिलं.

दुसरी वेळ पंधरा दिवसांनी. पाथर्डी फाट्याला एक वाहतूक पोलीस बाई. शिट्टी वाजवून हाताने खूण करत म्हणाल्या, "साहेब, मॅडमना ओढणी वर घ्यायला सांगा." मी त्यांच्याकडे बघतच राहिलो. त्यांनी "चला, चला" केलं आणि त्या पुढच्या गाडीकडे वळल्या.

त्या दिवसापासून मी माझ्या पद्धतीने तपासणी सुरू केली. जॅकेट बदललं. गाडीवरची प्रत्येक पट्टी, प्रत्येक सैल वायर बांधून टाकली. ग्रुपमधल्या एकाकडून छोटा कॅमेरा आणून मागे तोंड करून लावला. दोन आठवडे रिकाम्या सीटचं चित्रण आणि दोन आठवडे कुणीही काहीही बोललं नाही. कॅमेरा काढला आणि तिसऱ्या दिवशी द्वारकेला एका कारवाल्याने काच खाली केली. "भाऊ, मागे ताईंची ओढणी..." मी त्याला पुढे बोलूच दिलं नाही. विचारलं, "कुठल्या रंगाची?"

तो गोंधळला. "जांभळी आहे ना? टोकाला फाटलीय बघा."

सिग्नल सुटला. मागचे हॉर्न वाजवायला लागले. माझी गाडी बंद पडली होती आणि मला सुरू करता येत नव्हती.

घरी आलो, माळ्यावर चढलो आणि तो गार्ड शोधून काढला. दुसऱ्या दिवशी सलीमभाईंकडे गेलो. गाडी घेतल्यापासून तेच सर्व्हिसिंग करतात. म्हणाले, "साहेब, लोक हे काढायला येतात माझ्याकडे. लावायला येणारे तुम्ही पहिलेच. आता कोण बसणारे मागे?" बोलून गेल्यावर त्यांचं त्यांनाच वाईट वाटलं. मान खाली घालून दोन बोल्ट आवळले. दहाच मिनिटं लागली.

त्यानंतरच्या रविवारी मी कळवणला निघालो. सासूबाईंनी निरोप पाठवला होता, "सुजीचं एखादं कापड असंल तर आना." मी तीच ओढणी घेतली. धुतली होती, ग्रीसचा डाग मात्र गेला नव्हता. घडी घालून जॅकेटच्या आत, छातीशी ठेवली आणि वरपर्यंत चेन लावली. हे सांगतोय कारण पुढे महत्त्वाचं आहे.

सकाळचे साडेनऊ. लख्ख ऊन. दिंडोरी मागे पडली होती, वणी यायची होती. मागून मोपेडवर एक शेतकरी बाई आली, पुढे पायाशी मेथीचं गाठोडं. माझ्या बरोबरीने येऊन ओरडली, "ओ भाऊ! ताईची वढनी बघा ना! लय खाली आलीय!"

आधी प्रत्येक वेळी मी मागे वळून पाहिलं होतं. या वेळी पाहिलं नाही. का, ते मला माहीत नाही. वेग कमी केला. छातीवर हात लावून पाहिला. आत घडी होती, चेन बंद होती. समोर रस्त्याकडे बघतच बोललो, त्या दिवशी जसं बोलायला हवं होतं तसं.

"सुजाता, ओढणी जरा वर घे गं. सावकाश घे, मी हळू चालवतो. घाई नाहीये."

आणि मग मला थांबवेना. "त्या दिवशी मी तुझ्यावर चिडलो नव्हतो गं. घाबरलो होतो. गार्ड मीच काढला होता. चूक माझी होती. मला माफ कर."

इथे मी काही रंगवून सांगणार नाही. मला मागे वजन जाणवलं नाही. वास नाही, खांद्यावर हनुवटी नाही. मला काहीही जाणवलं नाही. फक्त ती मोपेडवाली बाई अजून शेजारी होती. तिने माझ्या मागे सीटकडे पाहिलं, ओळखीच्या माणसाकडे बघून हसतात तशी हसली आणि म्हणाली, "हां, आता कसं! मारली बघा ताईनं गाठ." मग डावीकडच्या कच्च्या रस्त्याने बागांमध्ये निघून गेली.

कळवणपर्यंत मी मागे वळून पाहिलं नाही. चाळिसाच्या वर गाडी नेली नाही. वाटेत चहालाही थांबलो नाही. थांबलो असतो तर उतरावं लागलं असतं.

सासूबाईंनी ओढणी उलगडली. डागावरून बोट फिरवत राहिल्या. मी त्यांना सगळं सांगितलं. मुंबई नाका, माझं ओरडणं, सगळं. वाटलं, आता बोलतील. त्या म्हणाल्या, "मला ठाऊक हाय, जावईबापू. तिनं त्याच रातीला फोन केल्ता. म्हने, आई, ते चिडले नाय, घाबरलेत."

मी म्हणालो, "मग परत बसली का नाही कधी?"

"मीबी तेच इचारलं. तं म्हने, त्यांनी ती जाळी परत लावली ना, की बसते. पन मी सांगायची नाय. त्यांच्या मनानं लावू दे." सासूबाईंनी ओढणीने डोळे पुसले. "लय हट्टी व्हती पोरगी."

तीन महिने. ती तीन महिने वाट बघत होती आणि गार्ड आमच्याच डोक्यावर माळ्यावर पडलेला होता. दोन बोल्ट. दहा मिनिटं. मी त्या दिवशी अंगणात, सासूबाईंच्या समोर, लहान मुलासारखा रडलो.

ओढणी तिथेच ठेवून आलो. येताना एकटा आलो असं मला वाटतं... नक्की सांगता येत नाही.

आता वाचक विचारतील की याचं स्पष्टीकरण काय. माझ्याकडे नाही. गार्ड लावल्यावर ती बसली म्हणावं, तर आधीच्या तीन वेळा त्या तिघांना कोण दिसलं? त्या कारवाल्याला फाटलेलं टोक कसं कळलं? आणि सगळ्यांना दिसली, तर मला एकदाही का नाही? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मी शोधत नाही. ते बहुधा मला आवडणार नाही.

त्या रविवारनंतर कुणीही काही बोललं नाही. एकदाही नाही. सगळे म्हणतील, बरं झालं, सुटलास. पण मी खरं सांगतो, मला पस्तावा होतोय. माफी मागायला नको होती असं वाटतं. मागितली नसती तर निदान कुणीतरी हाक मारत राहिलं असतं. आता मी मुद्दाम मुंबई नाक्यावरून जातो, वळसा पडला तरी. डाव्या कडेने, पंचवीस-तीसच्या वेगाने. मागचे शिव्या घालतात.

गेल्या आठवड्यात तिथेच मागून हॉर्न वाजला. स्कूटरवरचा एक मुलगा शेजारी आला आणि माझ्या गाडीच्या मागच्या बाजूला बोट दाखवत ओरडला. आवाजात मला कळलं नाही. मी घाईघाईने हेल्मेटची काच वर केली.

"काय? काय दिसतंय?"

"काका, इंडिकेटर! इंडिकेटर चालू राहिलाय!"

मी बंद केला. त्याला थँक्यू म्हणालो. तो गेल्यावर पुन्हा एकदा, हळूच, मागे हात नेऊन सीट चाचपून पाहिली. उन्हाने तापली होती. बाकी काही नव्हतं.