सूपच्या टेबलावर वन्सं

रविवार, ९ फेब्रुवारी. सकाळी दूध नासलं. इस्त्रीवाल्याने दोन चादरी आणून दिल्या, त्यातली एक आमची नव्हे. दुपारी वन्संबरोबर भाच्याच्या सूपच्या गाळ्यावर गेले. वन्सं खोटं बोलल्या. पाय सुजले.

वहीत मी असंच लिहिते. पण 'वन्सं खोटं बोलल्या' हे तीन शब्द वाचून कोणाला त्यांचं वजन कळणार नाही, म्हणून जरा सविस्तर.

वन्सं म्हणजे माझ्या यजमानांची थोरली बहीण. सारी नोकरी त्यांनी शर्टांच्या कारखान्यात तपासनीस म्हणून केली. शिवून, इस्त्री होऊन आलेला शर्ट दिव्याखाली धरायचा, उसवलेली शिवण, तिरकं बटण, लोंबता दोरा शोधायचा आणि त्या जागी लाल पट्टी चिकटवायची. निर्दोष शर्टाला काहीच चिकटवायचं नसतं. चांगलं दिसलं की गप्प बसायचं, एवढं त्या नोकरीने त्यांना शिकवलं, आणि ही विद्या त्या रोज घरी घेऊन येत. माझी मुलं त्यांना लालपट्टी आत्या म्हणत. पाठीमागे, अर्थात.

लग्नानंतर मी पहिल्यांदा केलेली भाजी चाखून त्या म्हणाल्या होत्या, "बाकी सगळं छान झालंय." ताटात भाजीखेरीज फक्त लिंबाची फोड होती. त्यांचे यजमान जन्मभर मान खाली घालून जेवले. बाहेरचे लोक त्यांना विचारवंत समजत. वन्सं निवृत्त झाल्या त्या दिवशी कारखान्याने केक आणला, तर त्यांनी आधी केकवरचं स्वतःचं नाव वाचलं, शेवटचं अक्षर कललंय म्हणून साहेबांना दाखवलं आणि मगच सुरी हातात घेतली.

तर अशा बाईच्या एकुलत्या एका मुलाने विमा कंपनीतली नोकरी सोडून सूप विकायला घेतलं. सूप तो फोनवरचे व्हिडिओ बघून शिकला. नोकरी परत मिळण्यासारखी नव्हती. निघताना साहेबाला तो काय बोलला ते त्याने आम्हाला अजून सांगितलेलं नाही. धान्याच्या जुन्या गोदामात आता खाण्याचा बाजार भरतो. कडेने बारा स्वयंपाकघरं, मध्ये टेबलं. त्यातला एक गाळा त्याने घेतला. तिथला नियम सरळ होता. तीन महिन्यांनी मॅनेजर फेरी मारणार आणि ज्याच्यासमोर गर्दी सर्वांत कमी त्याला उठवणार. ती फेरी या रविवारी होती.

शनिवारी त्याचा फोन आला. "मामी, उद्या आईला घेऊन ये. माझ्यासमोरच्याच टेबलावर बसा, सूप प्या, चेहरा हसरा ठेवा. बस्स."

"कोणाचा चेहरा? तुझ्या आईचा?"

"जमेल तितका," तो म्हणाला.

त्या बाजारात खुर्च्या इतक्या उंच की बसण्याऐवजी चढावं लागतं. पैसे भरले की हातात एक चकती देतात. आपलं खाणं तयार झालं की ती थरथरते. माझ्या वयात हातात काही थरथरायला लागलं की आधी डॉक्टर आठवतात. कचऱ्याच्या डब्याला तीन तोंडं आहेत, आणि शिकलेसवरलेले लोक रिकामा पेला घेऊन त्याच्यासमोर तोंडी परीक्षेला उभं राहिल्यासारखे उभे राहतात. अकरा गाळ्यांसमोर झुंबड होती. बाराव्यासमोर एक गृहस्थ होता, आणि तो स्वच्छतागृह कुठे आहे ते विचारत होता.

भाच्याने स्वतः टोमॅटोचं सूप आणून ठेवलं. वन्संनी वाडगा उचलून दिव्याकडे धरला. मी तो खाली ओढला. त्यांनी एक चमचा तोंडात घातला, आणि त्यांचा उजवा अंगठा टेबलावर सरकू लागला, गुंडाळीवरून पट्टी सोडवावी तसा.

"वहिनी, यात पिठाची गोळी आहे."

"गिळा."

"कोमट आहे."

"फुंकर घाला. लोकांना गरम वाटेल."

त्यांनी फुंकर घातली, पण चेहरा असा की शेजारच्या टेबलावरच्या जोडप्याने आपलं हसणं आवरतं घेतलं. दुखवट्याचं कुटुंब आहे असं वाटलं असणार. गाळ्यात भाचा पळी घेऊन उभा, मुलाखतीला आल्यासारखा ताठ. एक बाई सूपच्या दिशेने आली, वन्संकडे पाहिलं आणि नूडल्सकडे वळली.

हे असंच चाललं तर वन्संच गाळा बंद पाडणार हे मला दिसत होतं. त्यांच्या तोंडातलं बाहेर पडल्यावाचून राहणार नव्हतं; निदान दुसरीकडे पडावं. मी खुर्चीवरून उतरले आणि एकेका गाळ्यावरून एकेक पदार्थ आणून त्यांच्यापुढे ठेवायला लागले.

वन्संचा चेहरा उजळला. नूडल्स काट्यावर उचलून म्हणाल्या, "शिजवल्यात कुठे? नुसत्या भिजवल्यात." मासा आला. "वरून जळलाय, आत अजून पोहतोय." पिझ्झाची कड त्यांनी टेबलावर वाजवून दाखवली. "हा आणि याचं खोकं एकाच कारखान्यातलं." हे सगळं कारखान्यातल्या यंत्रांवरून ऐकू जाईल अशा आवाजात. शेजारचं जोडपं आता उघड हसत होतं. मागचा एक तरुण आपली ताटली घेऊनच आला.

"काकू, माझा बर्गर बघता का जरा?"

वन्संनी वरचा पाव उचलला, आत पाहिलं, परत ठेवला. "किती खाल्लास?"

"अर्धा."

"मग आता सांगून काय उपयोग?"

त्यावर जो हशा झाला, त्याने चार टेबलं उठली. लोक ताटल्या घेऊन यायला लागले. पदरचे पैसे देऊन घेतलेल्या अन्नाला नावं ठेवून घ्यायला माणसं रांग लावतात, हे मला या वयात कळलं. मी मात्र तेच चाळीसहून अधिक वर्षं फुकट घेत आले होते. सॅलडच्या गाळ्यावरच्या मुलीने मोठ्या हौसेने एक वाडगा पाठवला. वन्सं म्हणाल्या, "पानं धुतली असती तर यालाच पदार्थ म्हणता आलं असतं." तिच्यासमोरची रांग पांगली, आणि मुलगी पुन्हा आमच्याकडे बघेना. ते सॅलड खरं तर चांगलं होतं. मीच संपवलं.

अशी गर्दी जमली असताना मॅनेजर फेरीवर आला आणि हाताची घडी घालून उभा राहिला. तेवढ्यात, मघाशी नूडल्सकडे वळलेली तीच बाई पुढे आली.

"काकू, सगळ्यांना नावं ठेवलीत. मग तुमच्या पुढ्यातलं हे सूप कसं आहे?"

भाच्याची पळी हवेत राहिली. वन्संनी आधी वाडग्याकडे पाहिलं, मग मुलाकडे. टेबलावरचा अंगठा थांबला.

"छान आहे," त्या म्हणाल्या.

मी पुढच्या वाक्याची वाट पाहिली. सवयच आहे मला. पण पुढे काही आलं नाही. वन्संनी वाडगा तोंडाला लावला आणि तळाच्या गोळीसकट रिकामा केला.

मग काय विचारता. एवढी खाष्ट बाई छान म्हणते, म्हणजे काहीतरी असणारच! सगळी रांग सरकून सूपसमोर गेली. एका गृहस्थाच्या दाताखाली गोळी आली, तर तो बायकोला म्हणाला, "बघ, घरगुती आहे." आमच्या शाळेतल्या सिस्टर सांगत, खोटं बोललं की जिभेवर डाग पडतो. मी वन्संची जीभ बघायचा प्रयत्न केला, पण टोमॅटोमुळे काही कळेना.

मॅनेजरने भाच्याच्या पाठीवर थाप मारली. "गाळा तुझा. आणि काकूंना दर रविवारी आणत जा." उठवलं ते सॅलडवाल्या मुलीला. आम्ही निघालो तेव्हा ती सुऱ्या कापडात गुंडाळत होती. वन्संनी तिच्याकडे पाहिलं आणि मग कचऱ्याच्या डब्याच्या तीन तोंडांकडे पाहत राहिल्या.

दारापर्यंत भाचा पोचवायला आला. "आई, खरंच आवडलं?"

"हो रे."

"खरंच ना?"

"एकदा सांगितलं ना."

वन्सं रात्री माझ्याकडेच जेवायला थांबल्या. मी पोळ्या लाटत होते, त्या मागे स्टुलावर बसल्या होत्या.

"वहिनी, भांड्यांचं धुवण होतं ते."

"मग तसं सांगायचं."

"मुलगा आहे तो माझा."

"आणि मी इतकी वर्षं?"

"तू वहिनी आहेस," त्या म्हणाल्या, यात विचारण्यासारखं काय आहे अशा स्वरात. मग थोड्या वेळाने, "दर रविवारी यायला सांगितलंय मेल्याने. दर रविवारी खोटं बोलायचं म्हणजे... जमतं का गं माणसाला?"

"सवय होते," मी म्हटलं. "तुमच्याकडे जेवल्यावर दर वेळी मी काय म्हणत होते?"

शेवटची पोळी उतरवून मी ताट वाढलं. वन्संनी भाजीचा घास घेतला, चावला, पाण्याचा घोट घेतला.

"बाकी सगळं..." त्यांनी सुरुवात केली, माझ्याकडे पाहिलं आणि ताट पुढे केलं. मी अजून भाजी वाढली.

त्या गेल्यावर वहीत शेवटची ओळ लिहिली: भाजीत मीठ बरोबर होतं. पातेल्यात काही उरलं नाही.