डब्यांवरच्या टिकल्या

घर साफ करायला माणसं बोलावली की आदल्या दिवशी आपल्यालाच घर साफ करावं लागतं, हे त्या ॲपवर कुठेही लिहिलेलं नसतं. मी ठाण्यात, बाळकुमला राहते. आमच्या कॉम्प्लेक्समधल्या निम्म्या बायका डीप क्लीनिंगवाले येणार म्हणून सकाळी उठून कमोड घासतात. का, तर ते लोक काय म्हणतील! मी त्यांना हसते आणि माझ्याकडे माणसं यायची असली की मीही घासते.

पहिल्यांदा बोलावणाऱ्याला अजून बऱ्याच गोष्टी ठाऊक नसतात. ही माणसं आली की आधी स्टूल मागतात, मग मोठा प्लग कुठे आहे ते विचारतात, आणि कामाला हात लावण्याआधी तुमच्या घाणीचे फोटो काढतात. पंचनाम्याला आल्यासारखं. ओट्याखालचा कोपरा, पंख्याची पाती, नळाभोवतीचा पांढरा थर, सगळं. तुम्ही शेजारी उभे राहून ओशाळं हसता. घर कितीही तुमचं असलं तरी त्या दिवशी तुम्ही त्यात पाहुण्यासारखे एका खुर्चीवरून दुसऱ्या खुर्चीवर जात राहता, कारण जिथे बसाल तिथलं त्यांना पुसायचं असतं.

एवढं सगळं माहीत असूनही मी ती माणसं आईच्या घरी नेली.

आई डोंबिवली पूर्वेला राहते, जुन्या बिल्डिंगमध्ये, लिफ्ट नाही. बाबा गेल्यापासून एकटीच. दादा बंगळूरला असतो. गेल्या गणपतीत तो आला आणि त्याने घर पाहिलं. डबे चिकट झालेले, पंख्यावर काजळी, खिडकीच्या कोपऱ्यात जळमटं, आणि नैवेद्याच्या शिऱ्यासाठी काढलेल्या रव्यात चक्क अळ्या. दादा चिडला नाही, हेच वाईट झालं. शांतपणे म्हणाला, "आईला आता झेपत नाही. दिवाळीनंतर मी तिला घेऊन जातो. हा फ्लॅट भाड्याने देऊन टाकू."

आईने ते ऐकलं. दादा खाली गेल्यावर माझा हात धरून म्हणाली, "मला इथून हलवू नका गं. तिकडे मी पाहुणी होईन. इथे माझं सगळं हाताशी आहे."

आईने आयुष्यात माझ्याकडे कधी काही मागितलेलं मला आठवत नाही. मी ठरवून टाकलं, आई इथेच राहील. प्रश्न घाणीचा आहे ना? मग घाण घालवू. घर लख्ख करू, दादाला व्हिडिओ कॉलवर फिरवून दाखवू, विषय संपला. मी असे निर्णय पटकन घेते. नवरा म्हणतो, तू आधी उडी मारतेस आणि मग पाणी किती आहे ते विचारतेस.

दिवाळीच्या आधीचा रविवार ठरवला आणि आईला फोन केला. ती म्हणाली, "बरं. हॉल करा, आतली खोली करा, संडास-बाथरूम करा. स्वयंपाकघर नको."

"अगं, सगळी घाण तर तिथेच आहे."

"नको म्हटलं ना. बाहेरच्या माणसांनी माझ्या डब्यांना हात लावलेला मला चालणार नाही."

फोन कानाला तसाच राहिला माझ्या. हे कोण बोलत होतं? बाबा गेल्यावर शेजारची एक बाई हिच्या कपाळाकडे बघून कुजबुजली, तेव्हा हिने तिला दारातच विचारलं होतं, "टिकली माझी आहे, तुमचा काय त्रास?" आणि दुसऱ्या दिवशी आणखी मोठी लावली होती. हिच्याकडे भांडी घासायला येणारी बाई टेबलाशी बसून आमच्याच कपातून चहा प्यायची. ही बाई आता डब्यांना हात लावू देत नाही?

"आई, हे तू बोलतेस?"

"हो, मीच बोलतेय," ती म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

म्हातारपणी माणसाचं जुनं सगळं वर येतं असं म्हणतात. मला आईची लाज वाटली. खरंच वाटली.

रविवारी माजिवड्याच्या ट्रॅफिकमधून रखडत मी पोचले, तर दोघं जिन्यात उभे होते. जांभळे टी-शर्ट, जांभळ्या टोप्या, तोंडाला मास्क. बाई बुटकी, गोल, चाळिशीची. तिच्याबरोबर एक उंच गडी, खांद्यावर मशीन. बाई दिवा स्टेशनजवळ राहणारी होती. बाथरूमचा नळ सोडल्या सोडल्या म्हणाली, "बघा, कसं धो धो येतंय. आमच्याकडे दिव्याला काल थेंब नाय. दुसऱ्यांची घरं धुवायला पाणी, आमच्या घरी बोंब." आणि आपणच हसली.

आई स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसली होती. पहाऱ्यावर बसावं तशी. हॉल झाला, आतली खोली झाली, तरी उठेना. बाई बादली घेऊन दोनदा तिथपर्यंत आली आणि मागे फिरली. तिसऱ्या वेळी माझा तोल गेला.

"आई, ऊठ. हे सोवळंओवळं माझ्यासमोर चालणार नाही. तुला शोभत नाही हे."

मी ते मोठ्याने म्हणाले. मुद्दाम, त्या बाईला ऐकू जावं म्हणून. आम्ही सगळे तसले नाही हे तिला कळावं म्हणून. बाईने बादली खाली ठेवली आणि फरशीकडे बघत म्हणाली, "राहू दे ताई. आजींना नको असंल तर किचन राहू दे. माझं काय नाय."

"काही राहू द्यायचं नाही. किचनच आधी करा."

आई माझ्याकडे बघत राहिली. म्हणजे माझ्या खांद्याच्या जरा बाजूला बघत राहिली. रागावली की ती नजर चुकवते, असं मी तेव्हा समजले. मग ती उठली, भिंतीला हात लावत गॅलरीत गेली आणि रस्त्याकडे तोंड करून बसली.

फळीवरचे सगळे डबे खाली आले. डाळी, पिठं, साखर, मीठ, पोहे. सगळ्यांना तेलकट धुळीचं कातडं आलेलं.

"ताई, डब्यांवर टिकल्या हायेत," बाई म्हणाली. "काढू काय?"

मला हसू आलं. आमच्या घरात टिकल्या सगळीकडेच. बाथरूमच्या आरशावर, कपाटाच्या दारावर, बेसिनच्या टाईलवर. तोंड धुताना आई कपाळावरची टिकली काढून हाताला लागेल तिथे चिकटवते आणि विसरते, हे लहानपणापासून बघत आले. बाबा चेष्टा करायचे, तुझी आई हरवली तर टिकल्यांवरून माग काढता येईल. या मात्र जाड मखमली होत्या. एका डब्यावर एक, एकावर दोन, एकाच्या झाकणावर तीन. शेगडीच्या बटणांवरसुद्धा होत्या.

"काढा सगळ्या," मी म्हटलं.

तिने पातं लावून एकेक खरवडून काढली आणि चिकटपणा राहू नये म्हणून वरून औषध मारून पुसलं. काम अगदी जीव लावून केलं. डबे परत लावताना उंचीप्रमाणे लावले, मोठे मागे, छोटे पुढे. ओटा असा चमकत होता की मी हात फिरवून पाहिला.

आमच्या घरातून कामाला आलेला माणूस चहा घेतल्याशिवाय गेलेला नाही. गॅसवाला, पेपरवाला, मीटर बघायला आलेला माणूस, कुणीही. मी गॅलरीत जाऊन म्हटलं, "आई, झालं त्यांचं. चहा टाक."

"तू टाक."

"मी नाही. तूच टाकायचास."

ती उठली नाही. मीही हट्टाला पेटले होते; आज चहा होईल तर हिच्याच हातचा होईल. आमच्या दोघींच्या हट्टात त्यांच्या पुढच्या कामाची वेळ झाली. बाईने मशीनची वायर गुंडाळली आणि गॅलरीकडे बघत हळूच म्हणाली, "येते हां आजी." आईने मान हलवली. दोघं कोरड्या तोंडाने जिना उतरून गेले.

मी दादाला व्हिडिओ लावला. पंखे दाखवले, खिडक्या दाखवल्या, शेवटी ओटा दाखवला. "अरे वा," दादा म्हणाला. "हे असं राहणार असेल तर प्रश्नच नाही. राहू दे मग तिला तिथे." मी जिंकले होते. फोन ठेवला आणि आनंदाच्या भरात आईशी भांडण मिटवायला गेले.

"चल, राग सोड. दादा हो म्हणाला. आता आपल्या दोघींचा चहा कर."

ती जरा थांबली, मग स्वयंपाकघरात गेली. मी दारात उभी राहिले.

तिने हात उचलून फळीवर ठेवला. पहिला डबा चाचपला, बोट झाकणावरून फिरवलं, बाजूला ठेवला. दुसरा घेतला, तसंच. तिसरा. बोटं काहीतरी शोधत होती आणि सगळीकडे गुळगुळीत पत्रा लागत होता. एक डबा उघडून तिने नाकाशी नेला. दुसऱ्यात बोट बुडवून जिभेला लावलं, तोंड वाकडं केलं, झाकण लावलं. मग शेगडीकडे वळली. बटण धरलं आणि तशीच थांबली. कुठल्या बाजूला बंद आणि कुठल्या बाजूला चालू, हे तिच्या बोटांना कळेना.



"आई, तुला दिसत नाही?"

"दिसतं की," ती पाठमोरीच म्हणाली. "तू दारात उभी आहेस. पिवळं काहीतरी घातलं आहेस."

"माझा चेहरा दिसतो?"

तिने बटण सोडलं. "तू बोलतेस ना, मग चेहरा आपोआप येतो."

मी तिथेच खाली बसले. नव्याने पुसलेल्या फरशीवर. आधी राग आला, मग रडू आलं, मग परत राग. "मग सांगायचंस ना! त्या टिकल्या कशासाठी आहेत ते सांगायचंस! मला वाटलं तू त्यांना..."

"तुला काय वाटलं ते कळलं मला. वाटू दिलं." ती ओट्याला टेकली. "आंधळी म्हटलं असतं तर दुसऱ्या दिवशी मला उचलून नेलं असतं तुम्ही. कर्मठ म्हातारीला कोणी हलवत नाही. नुसतं ओरडतात."

आईच्या तोंडून ऐकलेलं याहून वाईट वाक्य मला आठवत नाही.

त्या आठवड्यात तिला ठाण्याला डॉक्टरांकडे नेलं. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजला आहे म्हणाले. कडेकडेचं दिसतं, बरोबर समोरचं दिसत नाही. म्हणून ती चालताना आपटत नाही, रस्ता ओलांडते, कुणाला शंका येत नाही. पण चेहरा, अक्षर, अळी, जळमट, ज्याच्याकडे बघायला जावं तेच नाहीसं होतं. जे गेलं ते परत येणार नाही. राहिलं आहे ते किती दिवस टिकेल ते बघायचं.

मी मखमली टिकल्यांची पाकिटं आणली. आई सांगत होती, मी चिकटवत होते. साखरेला एक, मिठाला दोन, तांदळाच्या पिठाला झाकणावर तीन. "चहाच्या डब्याला?" मी विचारलं. "चहाला कशाला? त्याला वास आहे." शेगडीच्या बटणावर नेमकी कुठे लावायची ते तिने माझं बोट धरून दाखवलं.

दादाला अजून सांगितलेलं नाही. आईने संक्रांतीपर्यंतची मुदत मागितली आहे. रोज रात्री झोपताना मला ती शेगडी दिसते आणि मी फोन हातात घेऊन परत ठेवते. सांगितलं तर तिचं घर जातं. नाही सांगितलं आणि काही झालं, तर मी कुणाला तोंड दाखवू?

स्वतःसाठी आईने आणखी एकच गोष्ट मागितली. "त्या बाईंना परत बोलाव. माझ्या घरून कोरड्या गेल्या त्या. काय म्हणाल्या असतील मला?"

ॲपवर माणूस निवडता येत नाही, काम तेवढं निवडता येतं. मी बाथरूमची सफाई घेतली आणि नशिबावर सोडलं. दार उघडलं तर जांभळा टी-शर्ट, जांभळी टोपी, मास्क. पण ही मुलगी होती, उंच, काटकुळी, पंचविशीचीही नसेल. ती कामाला लागली. मी आईला सांगणार होते. पण स्वयंपाकघरातून आल्याचा वास येऊ लागला होता. आईने सकाळपासून ठेवणीतले कप काढून ठेवले होते.

काम झाल्यावर आईने तिला टेबलाशी बसवलं. कप स्वतः आणून ठेवला, एक थेंब न सांडता. मग समोर उभी राहून हात जोडले.

"त्या दिवशीचं मनात ठेवू नका हं. तुमच्यात काही कमी नव्हतं. माझीच अडचण होती."

मुलीने मास्क खाली ओढला होता, कप ओठाशी होता. तिने गोंधळून माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. एवढंच केलं, फक्त मान हलवली.

"नाही हो आजी," ती म्हणाली. "मनात कशाला ठेवू?"

आईचा चेहरा उजळला. मुलगी जिना उतरून गेल्यावर तिने कप उचलले, बेसिनपर्यंत बरोबर नेले आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "बघितलंस? जांभळं दिसल्या दिसल्या मी ओळखलं तिला. दादाला सांग, आई अजून माणसं ओळखते म्हणावं."

"सांगते," मी म्हटलं.