रायभानचं प्रेशर

पालमच्या बाजारात मेंढरू विकताना रायभान आधी स्वतः व्यापाऱ्याच्या काट्यावर उभा राहून काटा पारखायचा. माणूस संशयी, आणि त्याचा त्याला अभिमान. त्यामुळे पोरानं, रामकिशननं, प्रेशर मोजायची मशीन घरी आणली, मशीननं पहिल्याच दिवशी एकशे ऐंशी दाखवलं आणि पोरगं लगेच म्हणालं, "आबा, आता उन्हात हिंडू नका, कळप इकून टाकू," तेव्हा कुठंतरी पाणी मुरतंय हे त्यानं ओळखलं.

मग रोज तोच तमाशा. रायभान रानातून तंगड्या तोडत यायचा आणि ओट्यावर उकिडवा बसायचा. दाढेखाली तंबाखू. दंडावर आईनं बांधलेला ताईत, त्यावर बंडीची जाड बाही, आणि तिच्यावरून मशीनचा पट्टा. हात खाली लोंबता, अन् पट्टा फुगत असताना पोराला शिव्या चालू. आकडा चढायचा तो चढायचाच.

"तुला कळप इकायचाय, म्हणून ही मशीनची बया असं बोलायलीय!" रायभान ओरडायचा. कळप गेला तर आपण ओट्यावरचं खोड होऊन बसू, ही धास्ती मात्र त्यानं कुणाला सांगितली नाही.

रामकिशननं व्यापारी ठरवला तसा रायभान पेटला. काटा खोटा ठरवायचा तर पक्क्या वजनाची वस्तू ठेवून बघावी. घरात पक्की एकच, बायको कोंडाबाई. जन्मात कधी दवाखान्याची पायरी न चढलेली. पट्टा तिच्या दंडाला लावला, तर आकडा त्याच्याहून वर!

"बेइमान हाय तुजी मशीन!" रायभान आनंदानं नाचायचाच बाकी राहिला. मशीन, बायको आणि पोरगं घेऊन तो न्याय मागायला उपकेंद्रातल्या नर्सबाईंकडे, सुकेशनीबाईंकडे गेला.

बाईंनी त्याला तंबाखू थुंकायला लावली. खुर्चीत पाठ टेकवून बसवलं, पाय जमिनीवर टेकवले. "मामा, पाच मिनिटं गप. एक शब्द न्हाई." ताईताचा हात सोडून दुसरा घेतला, बाही काढायला लावली आणि हात छातीच्या उंचीला टेबलावर ठेवला. एकशे तीस. परत मोजलं, तेवढंच. दवाखान्याच्या मशीनवरही तेच आलं.

"मशीन खरी हाय मामा. तुमचं बसणंच चुकायलं होतं."

रायभाननं पोराकडं असं बघितलं की रामकिशननं तिथंच व्यापाऱ्याला फोन लावून नको म्हणून कळवलं.

मग बाईंनी कोंडाबाईला तसंच बसवलं, तसंच गप ठेवलं. एकदा मोजलं. थांबून पुन्हा मोजलं. दुसऱ्या हातावरही बघितलं.

"मावशी, एकशे नव्वद हाय. डोकं दुखतं का तुमचं?"

"दुखतंय की. लय दिसापासून."

रायभानचा संशय आता बायकोवर वळला. "अन् माज्यापासून लपवलंस?"

"लपवलं कुटं," कोंडाबाई म्हणाली, "तुमी कदी इचारलंच न्हाई."

कळप वाचला होता, पण त्याचा रायभानला आनंद होईना.